काजूबागेच्या जाळरेषेसाठी पेट्रोल ब्लोअर: जुना दुरुस्त करावा की पाठीवरचा नवा घ्यावा?

सडाकातळ:

नमस्कार मंडळी,

सावंतवाडी तालुक्यात साडेसहा एकर उताराची बाग आहे. खालच्या अंगाला हापूसची कलमं, वरच्या अंगाला वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ काजू, आणि त्याच्या वर उघडा सडा, म्हणजे कातळाचं माळरान. सड्यावरचं गवत जानेवारीतच वाळतं आणि वणवा उतरतो तो तिकडूनच. तीन बाजूंना जांभ्याचा गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) आहे, सड्याच्या बाजूला काहीच नाही. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला मोकळा केलेला पट्टा, काढायची लांबी सगळी मिळून ६०० मीटरच्या आसपास.

सध्या हातात धरायचा २६ सीसीचा टू-स्ट्रोक ब्लोअर आहे. थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला चालू होतो. दहा-बारा मिनिटांनी दम सोडतो, रेस दिली की गुदमरतो आणि बंद पडतो. अर्धा तास थांबलं की परत चालू. प्लग नवीन आहे, एअर फिल्टर धुतलेला आहे. पंपावरचं साधं पेट्रोल आणि पंपावरच मिळणारं टू-टी ऑइल, लिटरला ४० मिली, असं मिश्रण वापरतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे मशीन गरम झाल्यावर का बंद पडतं? एवढ्या बागेला हातातला पुरेल की पाठीवरचा घ्यावा, आणि घेताना काय बघावं? आणि जाळरेषेचा पातेरा (गळलेला सुका पाला) उडवण्याची नीट पद्धत कोणती? गड्यांकडून खराट्याने झाडून घेतलं तर चार दिवसांत पुन्हा जैसे थे होतं.

टूस्ट्रोक_दुरुस्ती:

दादा, आधी आजाराचं बघू. थंडपणी झटकन चालू होतो म्हणजे कॉम्प्रेशन आणि स्पार्क मुळात ठीक आहेत. गरम झाल्यावर बंद पडण्याची कारणं मोजकी आहेत. ती स्वस्तापासून महागाकडे तपासत जा, लगेच कॉइल किंवा कार्बोरेटर बदलायला जाऊ नका.

पहिली तपासणी फुकटची. मशीन दम सोडायला लागलं की लगेच टाकीचं झाकण सैल करा. तोंड चेहऱ्यापासून लांब ठेवा आणि आजूबाजूला काही पेटतं नसल्याची खात्री करा. झाकण सैल करताना हवा आत ओढल्याचा 'सुस्स' आवाज आला आणि मशीन परत नीट चालायला लागलं, तर टाकीचा व्हेंट बुजला आहे. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होतं तशी बाहेरची हवा आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत निर्वात तयार होतो आणि कार्बोरेटरचा पंप पेट्रोल ओढू शकत नाही. व्हेंट काही मशीनला झाकणातच असतो, काहींना टाकीतून निघालेल्या बारीक नळीच्या टोकाला छोट्या बोंडासारखा. कोकणात त्यात जांभ्याची लाल धूळ तेलात कालवून घट्ट बसते.

दुसरी, टाकीतला फ्युएल फिल्टर. तारेचा आकडा करून नळी बाहेर ओढा. फिल्टर तपकिरी किंवा चिकट दिसला तर बदला, धुऊन वापरू नका. त्याच वेळी नळी दाबून बघा. कडक झाली असेल किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसत असतील तर तीही बदला. प्रायमरचा रबरी फुगा दाबल्यावर त्यात बुडबुडेच येत राहिले तर हवा आत कुठून शिरते ते नळीतच सापडेल.

तिसरी, सायलेन्सरमधली स्पार्क अरेस्टरची, म्हणजे ठिणग्या अडवणारी जाळी. तुम्ही लिटरला ४० मिली घालता, त्यामुळे माझा संशय व्हेंटइतकाच हिच्यावर आहे. बोटाच्या पेरावर मावेल एवढी बारीक जाळी असते, तिच्यावर काजळी आणि न जळलेलं तेल बसून डांबरासारखा थर होतो. धूर बाहेर पडायला जागा राहत नाही, मशीन तापतं आणि रेस घेत नाही. सायलेन्सर पूर्ण गार झाल्यावर एक-दोन स्क्रू काढून जाळी बाहेर घ्या, पकडीत धरून गॅसच्या ज्योतीवर लाल करा, थंड झाल्यावर पितळी ब्रशने घासा. जाळी फाटलेली असेल तर नवी टाका. जाळीशिवाय चालवायचं नाही, निदान सुक्या पातेऱ्यात तर अजिबात नाही.

चौथी, कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग. मशीन गरम असताना बंद पडल्याबरोबर स्पार्क बघायचा, गार झाल्यावर नाही. स्पार्क टेस्टर प्लग आणि वायर यांच्या मध्ये लावून दोरी ओढा. गरमपणी स्पार्क नाही आणि गारपणी आहे, तर कॉइल गेली. नवी बसवताना फ्लायव्हीलच्या चुंबकापासून ०.३ मिमी अंतर ठेवा. जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळले की अंतर बरोबर येतं.

हे चारही ठीक निघाले तर क्रँककेसचं सील किंवा इनटेकचं गॅस्केट हवा ओढत असेल. त्याची खूण अशी की आयडलला आवाज एकसारखा राहत नाही, आपोआप चढतो-उतरतो, आणि थ्रॉटल सोडल्यावर रेस लगेच खाली येत नाही. हे अंदाजाने शोधण्यात अर्थ नाही. प्रेशर टेस्टर असलेल्या मेकॅनिककडे न्या. एक्झॉस्ट आणि इनटेक बंद करून ०.५ बार दाब भरला की तो टिकला पाहिजे. अशी गळती असताना मशीन रेटत राहिलात तर मिश्रण पातळ होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) पिस्टन घासला जातो आणि मग दुरुस्ती मशीनच्या किमतीला भिडते.

कलम_आणि_काजू:

निवडीबद्दल लिहितो.

दुकानात गेलात की सगळे हवेचा वेग सांगतात, ताशी २५० किलोमीटर, ३०० किलोमीटर. त्या आकड्याने हुरळून जाऊ नका. तोंड अरुंद केलं की कुठल्याही मशीनचा वेग वाढतो. पातेऱ्याची रास पुढे ढकलायला हवेचं प्रमाण लागतं, ते घनमीटर प्रतितासात किंवा सीएफएममध्ये (घनफूट प्रतिमिनिट) देतात. १ सीएफएम म्हणजे १.७ घनमीटर प्रतितास, तुलना करताना एकाच एककात आणा. त्याहून चांगला आकडा न्यूटनमधल्या जोराचा, कारण त्यात वेग आणि प्रमाण दोन्ही येतात. हातातल्या २५ ते २८ सीसीच्या मशीनला साधारण १२ ते १७ न्यूटन मिळतात, पाठीवरच्या ६० सीसीच्या पुढच्यांना ३० ते ४०. उदाहरणार्थ स्टिलचा बीआर ६०० हा ६४.८ सीसीचा आहे आणि वजन १० किलोच्या जरा आत. हस्कवार्नाचा ५७० बीटीएस ६५.६ सीसीचा. एकोचेही याच गटातले आहेत.

६०० मीटर लांब आणि चार-पाच मीटर रुंद पट्टा, शिवाय बागेतलं काम, हे हातातल्या मशीनने होईल, पण मनगट आणि खांदा जातो. सागाचं, ऐनाचं मोठं पान दवाने जरा ओलं असेल तर हातातला ब्लोअर ते जागचं हलवत नाही. तुमच्या कामाला पाठीवरचाच घ्या. हातातला दुरुस्त करून गडग्याच्या फटी आणि काजूवेचणीसाठी ठेवा, तिथे तो पाठीवरच्यापेक्षा सोयीचा आहे.

घेताना मशीन पाठीवर चढवूनच बघा. पट्टे रुंद आणि गादीचे हवेत, कमरपट्टा असेल तर फारच उत्तम. इंजिन आणि पाठीची चौकट यांच्यात स्प्रिंग असते, ती नसली तर तासाभरात पाठ आणि हात बधिर होतात. नळी पूर्ण उघडून सरळ उभं राहा: तोंड जमिनीपासून वीतभर वर यायला हवं, वाकावं लागलं तर ती लांबी तुमच्या गड्याच्या उंचीला जमणारी नाही. पाठीच्या बाजूला हवा खेचणारी जाळी कुठे आहे तेही बघा. तिथे पानं चिकटली की हवा कमी होते आणि इंजिनही तापतं, त्यामुळे पाठीवरून न उतरवता मागे हात घालून ती साफ करता आली तर बरं.

आणि सर्वात आधी सुट्या भागांचं विचारा. दुकानदाराला सरळ म्हणा, या मॉडेलचं कार्बोरेटर किट, स्टार्टरची दोरी-स्प्रिंग आणि फ्युएल नळी आत्ता काउंटरवर काढून दाखवा. कुडाळ, कणकवली किंवा फार तर कोल्हापूरला हे तीन भाग मिळत नसतील तर ते मशीन निम्म्या किमतीत मिळालं तरी घेऊ नका. फेब्रुवारीच्या शेवटी दोरी तुटली आणि भाग यायला महिना लागला तर हंगाम गेला.

सडाकातळ:

दोघांचेही आभार. व्हेंटची तपासणी उद्याच करतो. दरम्यान दोन उपप्रश्न. फवारणीचा पाठीवरचा मिस्ट ब्लोअर मिळतो, १४ लिटर टाकीवाला, ४१.५ सीसीचा. त्यात दोन्ही कामं होतील का? आणि पेट्रोलमधल्या इथेनॉलचं काय करायचं?

कलम_आणि_काजू:

मिस्ट ब्लोअरने पातेरा उडतो, ते खरं. औषधाची टाकी रिकामी ठेवायची, औषधाची नळी आणि तोंडावरचा नॉझल काढून टाकायचा, नाहीतर हवा अडते. पण जोर पाठीवरच्या खऱ्या लीफ ब्लोअरच्या बराच खाली राहतो, आणि तोंड झाडाच्या उंचीकडे फेकण्यासाठी बनवलेलं असल्यामुळे जमिनीशी कोन साधायला हात अवघडतो. टाकी आणि नळीत राहिलेलं औषध धुळीबरोबर उडून चालवणाऱ्याच्या नाकात जातं, हा माझा मोठा आक्षेप. दोन एकरांपर्यंतच्या बागेला आणि फवारणीला तसाही घ्यायचा असेल तर चालेल. तुम्हाला नको.

बॅटरीवाल्याचा विचार कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो: घराच्या अंगणाला छान, आवाज कमी, देखभाल जवळजवळ नाही. पण सड्यावर चार्जिंग नाही आणि पूर्ण जोरावर बॅटरी फार वेळ टिकत नाही.

टूस्ट्रोक_दुरुस्ती:

इंधनाचं सविस्तर लिहितो, कारण माझ्या टेबलावर येणारी निम्म्याहून जास्त मशीन इंधनापायी आलेली असतात.

पंपावर आता सरसकट ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. छोट्या टू-स्ट्रोक मशीनच्या बहुतेक पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी असते. अडचण तीन ठिकाणी येते. इथेनॉल हवेतली वाफ ओढतं. पाणी पुरेसं झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. फिल्टर असतो टाकीच्या तळाशीच, म्हणून मशीन तोच थर आधी ओढतं, ज्यात तेल जवळजवळ नसतं. दुसरं, जुन्या नळ्या आणि कार्बोरेटरमधल्या डायफ्रॅमचं (पातळ पडद्याचं) रबर आधी फुगतं, मग कडक होतं. तिसरं, ई२० ला त्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं. साध्या पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७:१, ई२० ला १३.५:१ च्या आसपास. कार्बोरेटर जुन्या मापावर असेल तर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं.

उपाय: १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल मिळत असेल तर त्यात इथेनॉल आहे का ते स्वतः तपासून घ्या. १०० मिलीच्या खुणांच्या नळकांड्यात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घाला, तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा पाण्याचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. ई२० असेल तर तो थर २५ च्या पुढे चढतो. हे तपासलेलं पेट्रोल मशीनमध्ये घालू नका. पाण्याने इथेनॉल काढून उरलेलं पेट्रोल वापरण्याचा सल्लाही फिरतो, तो ऐकू नका, ऑक्टेन घसरतं आणि पाण्याचा अंश राहतो.

ई२० च वापरायचं असेल तर दोन आठवड्यांत संपेल एवढंच मिश्रण करा, काम संपलं की टाकी रिकामी करा, आणि कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण रेसला पेट्रोल किती जावं ते ठरवणारा) मेकॅनिककडून थोडा उघडून घ्या, साधारण आठवा हिस्सा फेरा. स्क्रूला मर्यादेची टोपी असेल तर ती उपटू नका, तिच्या आतच जे होईल ते करा.

तेलाचं: डब्यावर जासो एफडी किंवा आयएसओ ईजीडी लिहिलेलं बघा आणि ५०:१ ठेवा, म्हणजे लिटरला २० मिली, ५ लिटरच्या डब्याला १०० मिली. पंपावरचं साधं टू-टी ऑइल असेल आणि पुस्तिकेत त्यासाठी २५:१ सांगितलं असेल तर लिटरला ४० मिली. किनाऱ्यावर होडीच्या आउटबोर्ड मशीनचं तेल सहज मिळतं, त्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं असतं. ते पाण्याने गार होणाऱ्या इंजिनसाठी आहे. ब्लोअर हवेने गार होतो, त्याचा पिस्टन बराच जास्त तापतो. ते तेल यात घालू नका.

ओढदोरी:

प्रमाणाबद्दल थोडा वेगळा सूर. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये ३५ अंशांच्या वर, तेही पूर्ण थ्रॉटलवर मशीन चालतं. लिटरला २० मिली कमी वाटतं. ४०:१ म्हणजे लिटरला २५ मिली ठेवलं तर इंजिनला आधार राहतो. जास्त तेलाने मशीन मरत नाही, कमी तेलाने मरतं.

टूस्ट्रोक_दुरुस्ती:

२५ मिलीला माझी हरकत नाही, चांगल्या तेलाने काजळी फार वाढत नाही. पण 'जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित' हे सगळ्यांनी धरून ठेवू नये. कार्बोरेटरच्या जेटमधून ठरावीकच द्रव जातो. त्यात तेल वाढलं की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो आणि मिश्रण पातळ होतं. शिवाय वर सांगितलेली जाळी बुजते, एक्झॉस्ट पोर्टला काजळीचे खडे धरतात, त्यातला एखादा सुटून पिस्टन-सिलिंडरच्या मध्ये आला की ओरखडा. प्रमाणापेक्षा मापाकडे लक्ष द्या. झाकणाने, अंदाजाने तेल ओतू नका, सुई नसलेली २० मिलीची सिरिंज डब्याला बांधून ठेवा. आधी निम्मं पेट्रोल, मग सगळं तेल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. मशीनमध्ये भरण्याआधी दर वेळी हलवा.

आणि मिश्रणाचा डबा वेगळ्या रंगाचा ठेवा. गड्याने घाईत गाडीसाठी आणलेलं कोरं पेट्रोल ओतलं तर पूर्ण थ्रॉटलवर इंजिन काही मिनिटांत जाम होतं. टू-टी ऑइलला रंग असतो तो यासाठीच, भरताना रंग बघायची सवय लावा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत मिश्रण ठेवू नका.

वणवारेषा:

आता पद्धतीबद्दल, इथे सगळ्यात जास्त चुका होतात.

ब्लोअर पातेरा हलवतो, उभं गवत हलवत नाही. सड्याच्या बाजूला आधी ब्रश कटरने गवत मुळाशी कापा, डिसेंबर संपता संपता किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. कापलेलं गवत दोन-तीन दिवस वाळलं की ब्लोअरने पट्टा साफ होतो. गडग्याच्या बाजूंना ३ मीटर पुरेत. उघड्या सड्याच्या बाजूला ५ ते ६ मीटर ठेवा, आणि शक्य तिथे रेषा उघड्या कातळाला जोडत न्या म्हणजे काम वाचतं. पट्टा साफ याचा अर्थ माती किंवा कातळ दिसला पाहिजे. पानांचा पातळ थर राहिला तरी आग त्यावरून सरपटत येते.

वेळ फार महत्त्वाची. जानेवारी-फेब्रुवारीत दव पडतं, सकाळी लवकर पानं जमिनीला चिकटलेली असतात, तेव्हा नुसतं पेट्रोल जळतं. नऊच्या सुमारास दव सुकतं. पहाटेपासूनचा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा तोवर असतो, आणि दुपारकडे समुद्राचा खारा वारा सुरू होतो. नऊ ते अकरा हा चांगला वेळ. वाऱ्याच्या दिशेनेच उडवा. खारा वारा सुटल्यावर पश्चिमेकडे तोंड करून काम करू नका, उडवलेलं सगळं अंगावर आणि पट्ट्यावर परत येतं.

तोंड जमिनीपासून वीतभर वर, कोन लवता, आणि डावी-उजवीकडे संथ झोत देत पुढे चालायचं. तोंड जमिनीला टेकवलं तर माती उडते, पानं नाही. उतारावर वरून खाली या. थ्रॉटल पाऊण ठेवा, पूर्ण फक्त रास अडली तिथे. पूर्ण थ्रॉटलला ६५ सीसीचं मशीन तासाला दीड लिटरच्या आसपास पितं, पाऊणला बरंच कमी.

उडवलेला पातेरा कुठे टाकायचा? पट्ट्याच्या कडेला त्याची वरंडी करून ठेवतात, हे सगळ्यात घातक. तिथे आग आली की ज्वाळा माणसाएवढ्या होतात आणि पट्टा ओलांडतात. सड्याच्या अंगालाही लोटू नका. बागेच्या आतल्या अंगाला पाच-सहा मीटर पातळ पसरवत न्या, तिथून काजूच्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला आणि वर दोन-चार घमेली माती टाका. पातेरा जाळून टाकू नका, ते खत आहे.

गडगा विसरू नका. जांभ्याच्या दगडांमधल्या फटींत वर्षानुवर्षांची पानं दाबून बसलेली असतात. गडगा असूनही आग आत येते ती याच फटींमधून, आत धुमसत धुमसत, कधी रात्री. हातातल्या ब्लोअरला अरुंद तोंड लावून एकेक फट बाहेरच्या नव्हे तर आतल्या बाजूने फुंका, आणि नळी पुढे ठेवून दोन पावलं लांब उभे राहा. फुरसं याच फटींत आणि पातेऱ्याखाली असतं. गमबूट आणि जाड पँट हवीच. कानाला मफ घाला, पाठीवरचं मशीन चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या आसपास जातं. डोळ्यांना बंद गॉगल, नाकाला एन९५. कपडे सुतीच घाला, पॉलिस्टर ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं.

एकदा करून भागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन, किंजळ, साग पानं टाकतात, काजूचाही पाला गळतच असतो. वन विभागाचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, तेवढ्या काळात दर दहा-बारा दिवसांनी पट्ट्यावरून एक फेरी मारा. पहिल्यांदा अख्खा दिवस जाईल, पुढच्या फेऱ्या दीड-दोन तासांच्या. झाडलोटीपेक्षा ब्लोअर परवडतो तो इथेच.

गरम मशीन कधीही पातेऱ्यात ठेवू नका. पेट्रोल भरायला उघड्या कातळावर या, पाच-सात मिनिटं गार होऊ द्या, मग झाकण उघडा. भरताना सांडलं तर पुसा, आणि भरलेल्या जागेपासून तीन-चार मीटर दूर जाऊन चालू करा. वणवा थांबवायला आणलेल्या मशीननेच आग लागू शकते, म्हणून जाळी आणि ही शिस्त यावर तडजोड नको.

सडाकातळ:

आग लागलेली असताना ब्लोअर वापरतात ना? मेळघाटात वन विभागाची माणसं वापरतात असं वाचलं आहे.

वणवारेषा:

वापरतात. जंगलातली पानांची, जमिनीलगतची आग असेल, ज्वाळा गुडघ्याखाली असतील, तर ज्वाळेच्या बुडाशी झोत देऊन ती जळलेल्या बाजूला उलटवतात. तिकडचं जळण संपलेलं असल्यामुळे ती तिथे विझते. त्याहून उपयोगी म्हणजे आगीच्या पुढे जाऊन झटपट नवा पट्टा काढणं. हे एकट्याने करायचं काम नाही. एक ब्लोअरवाला, मागे हिरव्या फांद्यांनी झोडणारे दोघे, त्यांच्या मागे पाठीवरच्या पंपात पाणी घेतलेला एक, असा चमू लागतो, कारण झोताने उडालेला निखारा मागे पडू शकतो.

सड्यावरच्या कमरेएवढ्या वाळक्या गवताला आग असेल तर ब्लोअर घेऊन पुढे जाऊ नका. तिथे झोताने आग भडकते आणि पाठीवर पेट्रोलची टाकी असते. उताराच्या वरच्या बाजूला उभं राहून खालून येणारी आग अडवायचा प्रयत्नही करू नका.

बोंडूबी:

काजूवेचणीचं एक. वेंगुर्ला-४ ची बी सरासरी ७.७ ग्रॅम, वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅम. सुकं काजूचं पान त्यामानाने काहीच वजनाचं नाही. थ्रॉटल तिसऱ्या हिश्श्यावर ठेवून तोंड गुडघ्याच्या उंचीवरून तिरकं धरलं की पानं सरकतात आणि बी जागेवर राहते. आधी एका झाडाखाली करून बघा, बी घरंगळायला लागली तर तोंड अजून वर घ्या. हे काम सकाळी वेचणीच्या आधी करा. बोंडासकट पडलेली बी हलत नाही, पण बोंड फुटून रस उडतो, तो हवा खेचणाऱ्या जाळीवर बसला तर त्याच दिवशी पाण्याने पुसा, वाळला की निघत नाही.

हापूसला मोहर असेल तेव्हा कलमांखाली ब्लोअर नको. लाल धूळ मोहरावर बसते.

टूस्ट्रोक_दुरुस्ती:

देखभालीचं राहिलं होतं. रोज काम संपल्यावर एअर फिल्टर काढा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात पिळून सावलीत वाळवा. कागदी असेल तर हलक्या हाताने आपटून धूळ झाडा, कॉम्प्रेसरची हवा मारायचीच तर आतून बाहेर आणि कमी दाबाने. कागदी फिल्टर धुवायचा नाही. फिल्टर काढण्याआधी चोक बंद करा, म्हणजे धूळ कार्बोरेटरमध्ये पडत नाही. जांभ्याची धूळ बारीक असते, ती आत गेली की पिस्टन रिंगला पॉलिश पेपरचं काम करते. सिलिंडरवरच्या पंख्यांमध्ये अडकलेली पानं आठवड्याला साफ करा. प्लगचं अंतर पुस्तिकेत बघा, बऱ्याच मशीनला ०.५ मिमी असतं. प्लगचं टोक फिकट तपकिरी हवं. पांढरं दिसलं तर मिश्रण पातळ आहे, मशीन थांबवा. काळं-ओलं असेल तर तेल जास्त किंवा फिल्टर बुजलेला.

बीआर ६०० सारख्या फोर-मिक्स इंजिनला व्हॉल्व्ह असतात, पेट्रोलमध्ये तेल मात्र टू-स्ट्रोकसारखंच घालावं लागतं. जोर कमी झाला आणि बाकी सगळं ठीक असेल तर व्हॉल्व्हचं अंतर ०.१० मिमी आहे का ते बघायला सांगा. बरेच मेकॅनिक हे तपासतच नाहीत.

चालू होता होता पेट्रोल जास्त झालं तर प्लग काढा, पुसा, चोक उघडा ठेवून थ्रॉटल पूर्ण दाबून आठ-दहा वेळा दोरी ओढा, प्लग लावून चोकशिवाय चालू करा.

आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करा, प्रायमरचा फुगा दाबून नळीतलं परत टाकीत आणा, ते ओता, आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलला चालवा. प्लग काढून सिलिंडरमध्ये ५ मिली टू-टी ऑइल घाला, दोरी हळू दोन-तीनदा ओढा, प्लग लावा, आणि पिस्टन वर येऊन दोरीला अडथळा जाणवेल तिथे थांबवा. त्यामुळे पोर्ट झाकले जातात आणि पावसाळी दमट हवा आत जात नाही. सायलेन्सरच्या तोंडात कापडाची गुंडाळी घाला आणि तिचं लाल टोक बाहेर लोंबू द्या, म्हणजे हंगामाला काढायची आठवण राहील. ती नसेल तर कुंभारीण तिथे मातीचं घर बांधते, आणि व्हेंटच्या भोकातही. मशीन जमिनीवर न ठेवता उंच टांगा, उंदीर फ्युएल नळी कुरतडतात.

सडाकातळ:

तपासलं. झाकण सैल केल्यावर स्पष्ट 'सुस्स' झालं आणि मशीन पुन्हा उचललं, पण पूर्ण रेस अजून घेत नाही. जाळी काढली तर तीन हिस्से बुजलेली आहे. ती जाळून साफ करतो. व्हेंट झाकणात आहे, तो साफ करू की बदलू? सुईने भोक मोकळं केलं तर?

टूस्ट्रोक_दुरुस्ती:

सुई घालू नका. आत एकेरी रबरी झडप असते, हवा आत येऊ देते आणि पेट्रोल बाहेर जाऊ देत नाही. ती फाटली तर वाकल्यावर पेट्रोल झाकणातून गळेल, तेही गरम सायलेन्सरच्या शेजारी. झाकण रात्रभर कोऱ्या पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा, मग बाहेरच्या बाजूने तोंडाने नव्हे, सायकलच्या पंपाने हलकी हवा द्या. हवा आत गेली आणि उलट बाजूने अडली तर झडप चांगली आहे. नाहीतर अख्खं झाकण बदला, ते स्वस्त असतं. जाळी साफ करून बसवली की मिश्रण ताजं घ्या, जुनं टाकीतलं काढून टाका, आणि पाच मिनिटं गरम केल्यावर पूर्ण थ्रॉटलला प्लगचा रंग बघून इथे कळवा. पांढरा निघाला तर एच स्क्रूचं बोलू.